सुगडातली वीज आणि ब्लोअरचे बिल

आमच्या सोसायटीच्या तळघरात, पार्किंगच्या शेवटच्या रांगेमागे, एक लोखंडी दार आहे. त्याच्या आत काय चालते याची चौकशी रहिवासी दोनच प्रसंगी करतात: वास आला तर, आणि वार्षिक सभेत देखभालखर्चाचा हिशोब वाचला गेला तर. एकशे ऐंशी सदनिकांचे रोजचे सुमारे एक लाख लिटर सांडपाणी या दारामागच्या टाक्यांमध्ये येते आणि शुद्ध होऊन फ्लशला व बागेला परत जाते. रसायनशास्त्राची पदवी घेण्याची चूक मी तरुणपणी केलेली असल्यामुळे समितीतले एसटीपीचे, म्हणजे या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे, खाते गेली तीन वर्षे माझ्या गळ्यात आहे.

यंदाच्या सभेत ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा फुंकणाऱ्या यंत्राच्या, विजेचा आकडा वाचून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात वर केला आणि मोबाइलवर आलेला एक संदेश वाचून दाखवला. सांडपाण्यातले जिवाणू वीज तयार करतात, परदेशात त्यावर दिवे लागतात आणि आपण मात्र त्याच पाण्यापायी विजेचे पैसे भरत बसतो, असा त्याचा आशय होता. "अहो, मग आपली लिफ्ट त्यावर का चालवत नाही?" असे त्यांनी मला विचारले. सभेत हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही, कारण संदेशाचा पहिला भाग खरा आहे. उत्तर लेखी देतो, असे मी सांगितले. ते उत्तर देण्याआधी तीन महिने स्वयंपाकघराच्या बाल्कनीत प्रयोग करावे लागतील आणि ते इतके लांबेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

ब्लोअर मुळात का लागतो, इथून सुरुवात करतो. सांडपाण्यातली घाण म्हणजे बव्हंशी अन्नच असते. ते आपण खाल्लेले असो वा भांड्यांना चिकटून मोरीत गेलेले असो. जिवाणू ते फोडतात तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि हे इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय जिवाणूचा व्यवहार पुरा होत नाही. आपल्या पेशी ते ऑक्सिजनच्या हवाली करतात, आणि आपण श्वास घेतो तो त्याचसाठी. टाकीतले जिवाणूही तेच करतात, परंतु पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो आणि भुकेल्या जिवाणूंची गर्दी तो काही मिनिटांत संपवते, त्यामुळे टाकीच्या तळातून सतत हवा सोडावी लागते. अ‍ॅर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला ही सक्रिय गाळाची पद्धत मांडली. तिच्यात पुढे शेकडो सुधारणा झाल्या, आमच्याकडे तर टाकीत प्लॅस्टिकच्या चकत्याही तरंगतात. पण हवा फुंकण्यातून सुटका झाली नाही. अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी वीज एकट्या हवेवर खर्च होते. आमचा पाच अश्वशक्तीचा ब्लोअर दिवसाला अठरा तास चालतो, म्हणजे रोजची सदुसष्ट युनिटे आणि महिन्याची दोन हजार. सभेत वाचला गेला तो आकडा हाच.

आता समजा की ऑक्सिजन जिवाणूंपर्यंत नेण्याऐवजी जिवाणूंनी टाकलेले इलेक्ट्रॉनच तारेतून ऑक्सिजनपर्यंत आणले, तर? मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे सूक्ष्मजीव इंधनघट, तो हाच. एका बंद कप्प्यात सांडपाणी, जिवाणू आणि कार्बनचा एक इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे एक टोक (अ‍ॅनोड), ठेवायचा; तिथे ऑक्सिजन नसल्यामुळे जिवाणू इलेक्ट्रॉन त्या कार्बनवर सोडतात. दुसरा इलेक्ट्रोड (कॅथोड) हवेच्या संपर्कात ठेवायचा. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून दुसऱ्या टोकाला जातात, प्रोटॉन मधल्या सच्छिद्र पडद्यातून पाझरत जातात आणि तिथे ऑक्सिजनशी मिळून त्यांचे पाणी होते. तारेत मध्येच दिवा जोडला, तर इलेक्ट्रॉन त्याच्यातून जाताना थोडे काम करून जातात. शाळेच्या पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र म्हटलेले असते, परंतु इथे अ‍ॅनोड हेच ऋण टोक आहे. गोंधळ नको म्हणून मी अ‍ॅनोड आणि कॅथोड हेच शब्द वापरतो.

ही कल्पना संदेशात म्हटल्याप्रमाणे 'नुकतीच शोधलेली' नाही. डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये यीस्ट आणि जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून अर्ध्या व्होल्टपर्यंतचा दाब मोजला होता. वीस वर्षांनी अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टच्या वर मजल मारली. आकडा भारदस्त वाटतो खरा, पण प्रवाह होता अवघा दोन मिलिअँपिअर, म्हणजे गुणाकार केला तर टॉर्चच्या छोट्या बल्बलाही पुरणार नाही इतकी शक्ती. पुढे १९८० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजात पीटर बेनेट्टो यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या काळी एक समजूत पक्की होती: जिवाणूच्या आवरणातून इलेक्ट्रॉन आपणहून बाहेर येत नाही, त्याला वाहून आणायला थायोनीनसारखे रंगद्रव्य लागते. असे रंगद्रव्य रोज विकत घेऊन सांडपाण्यात ओतणे कोणालाच परवडणारे नव्हते आणि त्यातली काही द्रव्ये विषारीही होती, त्यामुळे विषय प्रयोगशाळेतच राहिला.

ती समजूत मोडली ती चिखलाने. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये एक जिवाणू वेगळा केला. ऑक्सिजन नसलेल्या त्या गाळात तो आपले इलेक्ट्रॉन चक्क गंजावर, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडवर, सोडत होता. साधारण त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरात केनेथ नीलसन यांना मँगनीजवर हाच व्यवहार करणारा दुसरा जिवाणू सापडला. पहिल्याच्या कुळाचे नाव जिओबॅक्टर आणि दुसऱ्याच्या शेवानेला. गंज हा घन पदार्थ आहे, तो काही पेशीच्या आत घेता येत नाही; तेव्हा ज्याला बाहेरच्या घन पदार्थावर इलेक्ट्रॉन टाकता येतो, त्याला कार्बनच्या कापडावरही टाकता यायला हवा. दक्षिण कोरियात किम ब्युंग होंग यांच्या गटाने १९९९ च्या सुमारास कोणतेही रंगद्रव्य न घालता चालणारा घट दाखवला आणि तिथून पुढे या विषयावरच्या शोधनिबंधांना पूर आला.

जिओबॅक्टर हे नेमके कसे करतो, यावर बराच काळ वाद चालला आणि मला त्या वादाची मौज वाटते. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि ते वीजवाहक असतात, हे २००५ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्यांना 'नॅनोवायर' म्हटले गेले आणि ते पिलिन नावाच्या प्रथिनाचे असावेत, असे धरले गेले. पुढे २०१९ मध्ये येल विद्यापीठातील निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू अणूंच्या पातळीवर पाहिले, तेव्हा ते सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांची माळ निघाले. या माळेतल्या प्रत्येक मण्यात सहा हीम आहेत. आपल्या रक्ताला लाली देणारा लोहयुक्त भाग तो हीमच, फक्त इथे ऑक्सिजन वाहून नेण्याऐवजी एका हीमकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन सरकवला जातो. आमच्या तळघरातल्या काळ्या गाळात अशा तारा ओढणारे कामगार बिनपगारी बसलेले असतील, हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना.

घट बनवायला महागडा पडदा लागतो, असे सुरुवातीला वाचले होते. प्रयोगशाळांतून नाफियॉन नावाचा पडदा वापरतात आणि त्याची किंमत बघून मी विचार सोडून देणार होतो. मग आयआयटी खरगपूरच्या मकरंद घांग्रेकर यांच्या गटाचे काम वाचनात आले. भातगिरणीच्या सांडपाण्यावर त्यांनी साध्या मातीच्या मडक्याचाच पडदा केला होता आणि मडक्याने महागड्या पडद्यापुढे हार खाल्ली नव्हती. माठातले पाणी ज्या झिरपण्यामुळे गार राहते, त्याच झिरपण्यातून प्रोटॉन बाहेर येतात. संक्रांतीला आणलेल्या पाच सुगडांपैकी तीन, रंग न दिलेली, हिच्याकडून मागून घेतली. "परत नको आणूस," एवढीच अट होती.

सुगडाच्या आत कार्बन फेल्टची पत्त्याएवढी पट्टी ठेवली आणि तिच्यातून स्टेनलेस स्टीलची तार ओवून बाहेर काढली. बाहेरून सुगडाच्या पोटाभोवती कार्बनच्या कापडाचा पट्टा घट्ट गुंडाळला आणि पट्टा व माती यांच्यामध्ये पाण्याच्या जुन्या फिल्टरमधली अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पूड भरली. तोंड मेणबत्तीच्या मेणाने बंद केले व मेणातून सलाईनच्या नळीचे दोन तुकडे आत सोडले: एक भरायला, एक काढायला. आमचा एसटीपी चालवणारा मुलगा चाकूरचा आहे, एरवी मितभाषी. पहिल्या टाकीच्या तळाचा काळा गाळ त्याने बाटलीत भरून दिला, तेव्हा मात्र त्याने विचारलेच, "साहेब, हे घरी नेणार?"

पहिल्या दिवशी मल्टिमीटरने ३५ मिलिव्होल्ट दाखवले, म्हणजे काहीच नाही. चौथ्या दिवशी आकडा १२० वर गेला. अकराव्या दिवशी सकाळी ५२० मिलिव्होल्ट दिसले आणि मी मीटरच्या टोकांची अदलाबदल करून, ते उणे ५२० होतात ना, हे तपासून पाहिले. अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लापासून होणारा क्षार, या जिवाणूंचे आवडते अन्न) आणि ऑक्सिजन या जोडीतून सैद्धांतिकदृष्ट्या १.१ व्होल्ट मिळायला हवेत; त्यातला बराचसा वाटा जिवाणू स्वतःच्या पोटासाठी ठेवून घेतात आणि बराचसा कॅथोडवर ऑक्सिजनला राजी करण्यात जातो. प्रवाह न घेता मोजलेला दाब मात्र फसवा असतो. १००० ओहमचा रोधक जोडला तेव्हा दाब २१० मिलिव्होल्टवर स्थिरावला. त्याचा अर्थ प्रवाह ०.२१ मिलिअँपिअर आणि शक्ती ४४ मायक्रोवॅट. माझी पट्टी पन्नास चौरस सेंटिमीटरची आहे, तेव्हा एका चौरस मीटरला जवळपास ९ मिलिवॅट पडले. ब्रूस लोगन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियात २००४ मध्ये खऱ्या घरगुती सांडपाण्यावर चालवलेल्या पहिल्या घटाने २६ मिलिवॅट दिले होते, हे लक्षात घेता सुगडाला नावे ठेवायला मी तयार नाही.

आता काकांच्या लिफ्टचा हिशोब. लिफ्टची मोटर साडेसात किलोवॅटची धरली, तर माझ्यासारखी सतरा कोटी सुगडे लागतील. महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला संक्रांतीला त्यातले एकेक वाटले, तरी काही कोटी उरतील.

तीन सुगडे एकापुढे एक जोडून निदान सहाशे मिलिव्होल्ट मिळवावेत, म्हणून मी एका रविवारी खटपट केली. मिळाले ३३०. प्रत्येकाचे वेगळे मापन केले, तेव्हा दोन सुगडे प्रामाणिकपणे २१० देत होती आणि तिसरे उणे ९० दाखवत होते. तिसऱ्यातले अन्न संपले होते. शेजारचे दोन घट मात्र आपला प्रवाह त्याच्यातूनच रेटत होते, त्यामुळे त्याचा दाब उलटा झाला होता आणि ते बाकीच्यांची कमाई खात होते. या दाब उलटण्याच्या दुखण्याने मोठमोठ्या प्रयोगांनाही हैराण केले आहे, हे नंतर वाचले. रासायनिक बॅटरीचे सेल कारखान्यातून एकसारखे येतात. जिवाणूंची वस्ती मात्र प्रत्येक मडक्यात आपापल्या मर्जीने वाढते. आणखी एकदा मेणाला केसाएवढी चीर पडली आणि दाब एका रात्रीत पन्नासच्या खाली आला: हवा आत शिरली होती आणि जिवाणूंनी इलेक्ट्रॉन तारेत सोडण्याऐवजी दारात आलेल्या ऑक्सिजनला देऊन टाकले होते. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

सगळ्यात समाधान देणारा प्रयोग स्वयंपाकघरातूनच आला. तांदळाच्या धुवणाने दाब हळूहळू, अर्ध्याएक दिवसाने वाढत असे, कारण पिष्ट फोडून त्याचे अ‍ॅसिटेट करायला आधी दुसऱ्याच जिवाणूंना राबावे लागते. एकदा मी व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा फेस यायचा थांबेपर्यंत घातला, म्हणजे सोडियम अ‍ॅसिटेट तयार झाले, आणि त्याचे दहा थेंब पाण्यातून नळीने आत सोडले. सुगड तेव्हा उपाशी होते आणि मीटर १४० दाखवत होता. पाऊण तासात १७०, दोन तासांत पुन्हा २१०. समोरच्या आकड्यात कोणीतरी जेवत आहे, हे मी स्टूल टाकून बघत बसलो होतो.

लिफ्टचा निकाल लागला, पण ब्लोअरचा प्रश्न तसाच राहतो, आणि खरा प्रश्न तोच आहे. आमच्या सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे घाणीचे ऑक्सिजनच्या हिशोबातले माप, लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. एक लाख लिटरमागे रोज ४० किलो. एका किलो सीओडीत सुमारे ३.८ युनिट ऊर्जा दडलेली असते, म्हणून आमच्या तळघरात रोज दीडशे युनिटांची ठेव येते, असे म्हणायला हरकत नाही. संदेश लिहिणारे इथेच थांबतात. परंतु एका किलो सीओडीतून निघणारे सर्व इलेक्ट्रॉन तारेतून गेले, तरी ते ३३५० अँपिअर-तास भरतात, आणि घट प्रत्यक्षात ०.३ व्होल्टवर चालतो, म्हणजे हाती एक युनिट लागते. त्यातही सगळे इलेक्ट्रॉन तारेत येत नाहीत. काही मिथेन करणारे जिवाणू पळवतात, काही झिरपून आलेला ऑक्सिजन. खऱ्या सांडपाण्यावर तीस टक्के तारेत आले, तरी चांगले म्हणावे लागते. चाळीस किलोंचे मिळून रोज बारा युनिटे.

बारा युनिटांसाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही. मात्र ब्लोअर बंद झाला, तर सदुसष्ट युनिटे वाचतात आणि ती बारांच्या साडेपाच पट आहेत. या घटाचे महत्त्व तो किती वीज देतो यात नसून तो किती वीज मागत नाही यात आहे, ही गोष्ट मला हिशोब मांडेपर्यंत कळली नव्हती. शिवाय हवेवर जगणारे जिवाणू खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा स्वतःचे अंग वाढवण्यात घालतात आणि त्यांचा तो गाळ आम्हाला फिल्टर प्रेसमधून काढून, वाळवून, गाडीने पाठवावा लागतो. इलेक्ट्रोडवर जगणाऱ्यांची कमाई बेताची, त्यामुळे त्यांची पैदासही बेताची आणि गाळ कमी. आपल्याकडे या बचतीला आणखी एक अर्थ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची आहे आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरांवर. उभी असलेली केंद्रेही पूर्ण चालत नाहीत. त्याची कारणे अनेक असतील, परंतु बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवण्याचा मोह मी समितीच्या बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

मग सगळीकडे हेच का बसवत नाहीत? उत्तर पुन्हा हिशोबातच आहे. रोज बारा युनिटे म्हणजे सरासरी पाचशे वॅट. खऱ्या सांडपाण्यावर एका चौरस मीटर इलेक्ट्रोडमागे ०.१ वॅट मिळाला, असे उदारपणे धरले, तर पाच हजार चौरस मीटर इलेक्ट्रोड लागेल. सव्वा एकर! तो घड्या घालून, थर रचून टाकीत बसवता येतो हे खरे, पण सव्वा एकर कार्बनचे कापड, तितकाच हवेचा कॅथोड आणि मधली माती किंवा पडदा यांची किंमत ब्लोअरच्या कित्येक वर्षांच्या बिलाहून जास्त भरते. हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये एका चौरस सेंटिमीटरमागे अर्धा ते एक वॅट मिळतो, म्हणजे हजारो पटींचा फरक. आणि हा फरक नुसत्या कारागिरीचा नाही. घट मोठा केला की इलेक्ट्रोडमधले अंतर वाढते, सांडपाणी क्षारांच्या दृष्टीने जवळजवळ गोडे असल्यामुळे वीज नीट वाहत नाही, आणि मुळातच तिसऱ्या हिश्श्याचा व्होल्ट हातात असताना वाटेतल्या प्रत्येक ओहमला टोल द्यावा लागतो. त्यात कॅथोडवर शेवाळासारखा थर चढतो आणि क्षार साचतात.

हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले नाही, असे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाने २००७ मध्ये यटाला इथल्या फॉस्टर्सच्या बिअर कारखान्यात एक घनमीटरचा घट उभा केला: तीन मीटर उंचीच्या बारा नळ्या, आत-बाहेर कार्बनच्या तंतूंचे ब्रश. कारखान्याचे सांडपाणी साखरेने भरलेले, म्हणजे जिवाणूंना मेजवानी. तरीही पाण्याची अल्प वाहकता आणि कॅथोडवर चढणारा थर यांनी प्रवाह अडवून धरला. ब्रिस्टलमध्ये योआनिस इएरोपुलोस यांनी उलट दिशा धरली. त्यांनी मोठा घट न करता मातीचे छोटे छोटे घट शेकड्यांनी जोडले आणि त्यांना मूत्र पाजले. मूत्रात क्षार भरपूर, म्हणून वहनाचा प्रश्न निम्मा सुटतो. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये त्यावर मोबाइल चार्ज केला आणि २०१५ मध्ये निर्वासितांसाठीही काम करणाऱ्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या साथीने अशी मुतारी उभारून तिच्यातले दिवे तिच्यावरच लावले. निर्वासितांच्या छावणीत रात्री शौचालयात उजेड असणे स्त्रियांच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, ते सांगायला नको. तिथे दोन-तीन वॅटांनाही किंमत असते. अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले लिओनार्ड टेंडर यांनी तर नदीच्या तळच्या गाळात इलेक्ट्रोड पुरून पाण्यावर तरंगणारे हवामानयंत्र चालवले, बॅटरी बदलायला होडी न पाठवता. या सगळ्या यशांत समान काय, तर वीज थोडीच लागत होती आणि ती दुसरीकडून आणणे जिकिरीचे होते. पुण्यातल्या सोसायटीचे दुखणे तसे नाही.

निव्वळ ऊर्जा हवी असेल, तर गोबरगॅसचाच मार्ग आजही सरस आहे, हेही कबूल केले पाहिजे. एका किलो सीओडीपासून सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो आणि इंजिनातून त्याचे एक युनिट वीज सहज होते. माझ्या हिशोबातल्या घटाच्या तिप्पट. आमच्यासारखे पातळ सांडपाणी मात्र त्याला मानवत नाही, कारण तयार झालेल्या मिथेनपैकी बराचसा पाण्यातच विरघळून निघून जातो. पातळ पाण्यासाठी घट आणि दाट घाणीसाठी गोबरगॅस, अशी वाटणी कदाचित पुढे होईल. तोपर्यंत आमचा ब्लोअर चालूच राहणार. काकांना दिलेल्या कागदावर मी एवढेच लिहिले आणि खाली सतरा कोटी सुगडांचा हिशोब जोडला.

सुगडे मात्र मी टाकली नाहीत. सांडपाण्यातली घाण मोजण्याची बीओडी ही चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. प्रयोगशाळेचा कागद हातात येतो, तेव्हा ते पाणी केव्हाच बागेत जिरलेले असते. घटाचा दाब मात्र अन्न किती आले आणि जिवाणू धड आहेत की नाहीत, हे तासा-दोन तासांत सांगतो. किम यांच्या गटाने याच तत्त्वावर बीओडीचा संवेदक केला होता आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. मग मीही एक सुगड लोखंडी दाराआड, पहिल्या टाकीशेजारच्या कठड्यावर नेऊन ठेवले. रोज सकाळी आठ वाजता त्यात एक पेला कच्चे सांडपाणी सोडायचे आणि दहा वाजता मीटर वाचायचा, एवढे काम त्या मुलाला सांगितले.

पहिले तीन आठवडे आकडा १८० ते २२० च्या मध्ये राहिला. सुट्टीच्या दिवशी थोडा वर, कारण घरोघर स्वयंपाक जास्त. मग एका मंगळवारी त्याचा फोन आला, "साहेब, साठ दाखवतोय. तार हलवून बघितली, साठच आहे." मेण शाबूत होते, तारा घट्ट होत्या. चौकशी केली, तेव्हा आदल्या संध्याकाळी जिन्याच्या फरशा घासण्यासाठी आणलेल्या अ‍ॅसिडचे दोन कॅन उरले म्हणून कोणीतरी चेंबरमध्ये रिकामे केल्याचे कळले. एरवी आम्हाला हे चार-पाच दिवसांनी, टाकीवर पांढरा फेस आणि वास आल्यावर कळले असते. त्या दिवशी पहिल्या टाकीतले पाणी पुढे सोडणे थांबवले, चुना घालून पीएच ठीक केला आणि रात्री थोडे थोडे पुढे नेले. सुगड पुन्हा २०० वर यायला पाच दिवस लागले.

एसटीपीच्या नोंदवहीत छापील रकाने आहेत: येणारे पाणी, जाणारे पाणी, पीएच, ब्लोअरचे तास, मोजपात्रात अर्ध्या तासात बसलेला गाळ. परवा सही करायला वही उघडली, तर त्या मुलाने पट्टीने शेवटी एक उभी रेघ आखून सहावा रकाना केला होता आणि वर बॉलपेनने लिहिले होते: सुगड.